कागदाची सोपी बाजू

माझ्या क्लासमध्ये 'डिफिकल्ट' या शब्दाला बंदी होती. चुकून कोणाच्या तोंडून गेलाच, तर त्यानं उभं राहायचं आणि सोपेपणाचे तीन इंग्रजी वाक्प्रचार लागोपाठ म्हणून दाखवायचे: पीस ऑफ केक, वॉक इन द पार्क, चाइल्ड्स प्ले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. ही शक्कल माझीच, आणि तिचा मला इतका अभिमान होता की दारावरच्या पाटीवरही मी लिहून घेतलं होतं: 'इथे काहीच कठीण नाही.'

क्लास म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत बाकं, दुसरीत मी, माझं टेबल आणि पाण्याचा जार. नोकरीच्या मुलाखतीसाठी बोलायचं इंग्रजी तीन महिन्यांत शिकवायचो. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात एक कागद द्यायचो, 'यश देणारे चाळीस वाक्प्रचार'. खरं तर त्यावर वीसच होते. उरलेले वीस मागच्या बाजूला असायचे, अडचणीचे: अपहिल बॅटल, हार्ड नट टू क्रॅक, टॉल ऑर्डर आणि असेच. दोन वर्षांपूर्वी खालच्या दुकानातलं मशीन कागदाच्या पाठीवर छापेनासं झालं. दुकानदारानं विचारलं, "वेगळं पान काढू?" मी म्हटलं, "राहू दे हो, मुलाखतीत रडगाणं कोण ऐकतं!" पुढे मशीन दुरुस्त झालं, पण तोवर मी आळसाचं तत्त्वज्ञान करून टाकलं होतं. अडचणीचा शब्दच माहीत नसेल तर माणूस अडचण सांगेल कशी, असं मी नव्या बॅचला ऐटीत सांगायचो. एवढ्या दिवसांत कागदावरचे वाक्प्रचार कोणी मोजले नाहीत.

त्या क्लासात माझे दाजी येऊन बसले आणि तिथून पुढचं सगळं झालं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्टचे मेकॅनिक. सव्वीस वर्षं एकाच कंपनीत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी जिने असतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. लिफ्ट बंद असते म्हणून तर त्याला बोलावतात, आणि मशीनरूम असते गच्चीवर. सव्वीस वर्षांचे जिने दाजींच्या गुडघ्यांत उतरले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की वर्षभरात चढ-उतार थांबवली नाही, तर पुढे घरातल्या घरात चालायलाही काठी लागेल. नेमकी त्याच वेळी कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली आणि सुपरवायझरच्या दोन जागा निघाल्या. सुपरवायझरनं खालून काम सांगायचं, वर चढायचं नाही. मुलाखत इंग्रजीत.

"तुझ्या हातात आहे बघ," ताई मला म्हणाली. "यांना कामातलं सगळं येतं, फक्त बोलता येत नाही. एवढं तेवढं शिकव."

"अगं, डाव्या हातचा मळ आहे तो माझ्या," मी म्हणालो.

ती घरी गेल्यावर मी दाजींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "क्लासात मला सर म्हणा. आपलं नातं मुलांना कळायला नको, उगाच पक्षपात वाटतो." पक्षपाताचं निमित्त होतं. खरं कारण त्यांची नखं होती. कितीही धुतली तरी वंगणाची काळी रेघ जायची नाही. ते वयानं सगळ्यांत मोठे, इंग्रजी वाचताना प्रत्येक शब्दाखाली बोट सरकवायचे. हे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान, हे सगळ्या वर्गाला कळावं असं मला वाटत नव्हतं. दाजी लगेच म्हणाले, "बरोबर आहे, सर." तिथल्या तिथेच सुरुवात केली त्यांनी.

दाजींची एक सवय होती. कोणतंही काम विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "बघावं लागेल." घरातला पंखा असो की बारा मजली इमारत, आधी बघणार, हात लावणार, आवाज ऐकणार, मग आकडा सांगणार. आणि एकदा सांगितलेला आकडा चुकायचा नाही. म्हणे त्यांनी सांगितलेल्या दिवसाच्या भरवशावर इमारतीतले लोक पाहुण्यांना जेवायला बोलवायचे. मला मात्र ते 'बघावं लागेल' ऐकलं की खाज सुटायची. असा माणूस पुढे कसा जाणार!

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वर्गात हात वर केला. "सर, एक विचारू? 'बघावं लागेल' याला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी खडू खाली ठेवला. सगळे माझ्याकडे बघत होते. अशी संधी मी सोडत नसे.

"त्याला इंग्रजीत," मी म्हणालो, "'रिजेक्टेड' म्हणतात."

अख्खा वर्ग फुटला. मागच्या बाकावरच्या एकानं तर बाक वाजवलं. दाजीही हसले, सगळ्यांच्या जरा नंतर. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा तेच लिहिलं असावं, माझं बोलणं ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचे. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि मला वाटलं, शिकले.

मुलाखतीच्या दिवशी ते थेट माझ्याकडेच आले. क्लास सुटला होता. इस्त्रीचा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला, आणि चेहरा परीक्षा देऊन आलेल्या मुलासारखा.

"जमलं वाटतं," ते म्हणाले. "त्यांनी एक जुनी आठ मजली इमारत सांगितली. दोन्ही लिफ्टचे दोर बदलायचे, पॅनल नवीन, दरवाजे नवीन. दहा दिवसांत कराल का, किती अवघड वाटतं, असं विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, 'इट इज अ पीस ऑफ केक, सर.' आणि थांबलो नाही, तू सांगतोस तसं. 'वॉक इन द पार्क' पण म्हटलं."

"शाबास!" मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी, त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान.

ते खुर्चीत बसले. गुडघे चोळता चोळता म्हणाले, "पण ती इमारत मला माहीत आहे. खरं तर तिथे बावीस दिवस लागतात. दहा दिवसांत एकच लिफ्ट होते. तोंडावर आलं होतं माझ्या, पण सांगायचं कसं तेच सुचेना. इंग्रजीत अवघड आहे म्हणायला आपल्याकडे काही नव्हतंच ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आत्ता फोन करून सांगू का त्यांना?"

फोन तेव्हाच केला असता तर सगळं निभावलं असतं. ते स्वतःहून विचारत होते. फक्त 'करा' म्हणायचं होतं, दोन अक्षरं.

"वेड लागलंय का?" मी म्हणालो. "हातातोंडाशी आलेला घास घालवता? असं सगळेच बोलतात. काम सुरू झालं की दिवस आपोआप वाढवून मिळतात."

"असं असतं का?"

"असंच असतं," मी म्हणालो. जन्मात लिफ्टच्या दरवाजाच्या पलीकडे न पाहिलेला मी.

दाजींची निवड झाली. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत होती आणि हसतही होती. आणि पहिलं काम म्हणून कंपनीनं त्यांना तीच आठ मजली इमारत दिली, दहा दिवसांच्या बोलीवर. रहिवाशांना लेखी कळवलं, अमुक तारखेला दोन्ही लिफ्ट सुरू. त्या भरवशावर आठव्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपलं डोळ्याचं ऑपरेशन अकराव्या दिवशी ठरवलं.

सुपरवायझरनं वर चढायचं नसतं. दाजी दहा दिवस रोज चढले. हाताखालच्या दोघांना पुरं पडेना, म्हणून स्वतः दोर ओढले, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरले, गच्चीवर पॅनल जोडलं. ताई सांगायची, घरी येऊन बसले की उठता येत नाही, पाय उचलून पलंगावर ठेवावे लागतात. मी म्हणायचो, "सुरुवातीला थोडं होतंच गं." दिवस वाढवून मागितले तेव्हा उत्तर आलं की आकडा तुम्हीच दिलाय. दहाव्या दिवशी एकही लिफ्ट पुरी नव्हती, कारण दोन्हींचं काम त्यांनी एकदमच काढलं होतं. एकेक करून बावीस दिवसांत झालं असतं, ते दोन्हीकडे धावून कुठेच झालं नाही. त्यातली एक जवळपास तयार होती, फक्त वजनं भरून ब्रेक तपासायचा राहिला होता. वरून निरोप आला, तेवढी तरी सुरू करा. दाजींनी सही केली नाही. ब्रेक तपासल्याशिवाय माणूस आत घालणार नाही म्हणाले. या एका बाबतीत मी शिकवलेलं त्यांच्या अंगी लागलं नाही, एवढंच समाधान.

म्हाताऱ्या बाईंना दोघांनी खुर्चीत बसवून आठ मजले खाली आणलं. दोन ठिकाणी खुर्ची टेकवावी लागली. त्यांच्या मुलानं कंपनीला जे पत्र लिहिलं, त्यानंतर दाजींच्या फाइलवर शेरा पडला: 'बेजबाबदार आश्वासन देतात.' सुपरवायझरची जागा गेली. पुढच्या सोमवारपासून पुन्हा हत्यारांची पेटी उचलायची आणि जिने चढायचे.

सव्वीस वर्षांत ज्याचा एक दिवस चुकला नाही, त्या माणसाच्या नावावर हे वाक्य. माझं वाक्य खरं तर. फक्त पत्ता चुकला.

ताई घरी आली. चहा नको म्हणाली, बसलीही नाही. ती आरडाओरडा करणाऱ्यातली नाही, त्यामुळे जास्त लागतं.

"ते मला सांगतच नव्हते," ती म्हणाली. "काल त्यांची वही बघितली. तू असंच शिकवलंस ना? अवघड म्हणायचंच नाही?"

"ताई, मुलाखतीचं एक तंत्र असतं..."

"तंत्र ठेव तुझ्यापाशी. त्यांनी कंपनीतल्या मोठ्या मॅडमची वेळ घेतलीय, परवा अकराला. तू बरोबर जा. मी असं शिकवलं, यांचा दोष नाही, एवढं सांग. तुझं ऐकतील, तू शिकलेला आहेस."

"सांगतो गं."

"नक्की?"

"शब्द दिला," मी म्हणालो. आणि खरंच मनापासून म्हणालो. दोन रात्री मी ते वाक्य घोटत होतो. इंग्रजीतही तयार ठेवलं होतं.

कंपनीचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा केसांवर ढकललेला, टेबलावर फाइलशिवाय काही नाही. दाजींना बघताच त्यांनी आधी खुर्ची दाखवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे माझे मेहुणे," दाजी म्हणाले. आवाजात अजूनही कौतुक होतं.

"तुम्ही काय करता?"

"शिकवतो," मी म्हणालो.

"काय शिकवता?"

"भाषा."

इतकं गोल उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि फाइल उघडली. आणि मग आपल्याच भाषेत, अगदी साध्या शब्दांत त्या दाजींशी बोलायला लागल्या.

"मी तुमच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या. सव्वीस वर्षं. एकदाही तारीख चुकलेली नाही. मग त्या दिवशी दहा दिवसांना हो का म्हणालात? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, मॅडम."

"मग? नुसतं 'टॉल ऑर्डर आहे' म्हणाला असतात तरी आम्ही पुढचं विचारलं असतं." त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. "मी का विचारतेय सांगते. त्या दिवशी चौघांनी अगदी हीच दोन वाक्यं म्हटली. केक आणि पार्क. चौघंही पढवून आल्यासारखे. कुठला तरी क्लास दिसतो. तसं असेल तर मला नाव हवंय. आमची अकरा माणसं सध्या कुठे कुठे शिकायला जातात, त्यांचं त्या क्लासला जाणं मी आजच बंद करीन. आणि तुमच्या फाइलवरचा शेरा काढून टाकीन. माणूस बेजबाबदार नाही, पढवलेला आहे, एवढं मला कळलं तरी पुरे. जागा अजून भरलेली नाही."

टॉल ऑर्डर. मागच्या बाजूचा, वरून तिसरा. मला पानावरची त्याची जागासुद्धा आठवली.

आणि ती अकरा माणसं. अकराच्या अकरा माझ्याकडेच यायची. माझ्या नव्या बॅचचा निम्मा वर्ग.

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"कोणी पढवलं नाही, मॅडम," ते म्हणाले. "माझीच घाई झाली."

"विचार करून सांगा."

"माझीच घाई."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि मान माझ्याकडे वळवली. "तुम्ही घरचे आहात, शिकवणारे आहात. तुम्हाला काय वाटतं? हे असं का झालं?"

घोटून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं. दोन्ही भाषांत होतं. ते म्हणायला ना व्याकरण लागत होतं ना धाडस. म्हणजे धाडस लागत होतं, पण अगदी थोडं, शाळेतल्या पोरालाही जमेल एवढं. दिवसभर लोकांना 'बोला, बोला, घाबरू नका' म्हणणारा मी. मी माझ्या आवाजाची वाट बघत होतो.

"दाजी जरा भोळे आहेत," मी म्हणालो. "उत्साहाच्या भरात बोलून गेले असतील."

झालं. मॅडमनी आणखी थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, चष्मा केसांवरून डोळ्यांवर घेतला आणि फाइल मिटली. "मग माझा नाइलाज आहे," त्या म्हणाल्या. खरंच वाईट वाटलं असावं त्यांना, कारण त्या दारापर्यंत सोडायला आल्या.

आम्ही बाहेर आलो. त्या मजल्यावर दोन माणसं लिफ्टसाठी उभी होती, पण दाजी जिन्याकडे वळले. सोमवारपासून चढायचेच आहेत म्हणाले, सवय मोडायला नको. एका हातानं कठडा धरून ते एकेक पायरी तिरके उतरत होते. मी एक पायरी मागे.

"दाजी, मी..."

"असू दे रे," ते म्हणाले. "अकरा माणसं म्हणजे थोडी नव्हेत. तुझं नुकतं कुठे बस्तान बसतंय." श्वास घ्यायला थांबले. "मी कोणालाही सांगितलं नसतं. तू कशाला एवढा घाबरलास?"

म्हणजे त्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं. खोलीत शिरायच्या आधीपासून कळलं होतं की मी बोलणार नाही, आणि म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फोन वाजला. ताई. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं? सांगितलं का त्यानं?"

दाजी भिंतीला टेकले. एक गुडघा वाकवून हवेत धरला होता.

"सांगितलं," ते म्हणाले. "सगळं सांगितलं त्यानं. चूक माझीच आहे म्हणाला, दोनदा म्हणाला. इंग्रजीत पण बोलला. पण त्यांचं आधीच ठरलेलं होतं गं. नाही ऐकलं."

ताई म्हणाली, "त्याच्याकडे द्या."

दाजींनी फोन माझ्यापुढे धरला. नखांतली काळी रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती. मी फोन घेतला.

"ऐक," ताई म्हणाली. "परवा मी तुला नाही नाही ते बोलले. मनात ठेवू नकोस. एवढ्या मोठ्या माणसांसमोर स्वतःची चूक सांगायची म्हणजे काय सोपं असतं? माझा भाऊ आहेस म्हणून सांगत नाही, पण दुसऱ्या कोणी केलं नसतं."

दाजी माझ्याकडे बघून हातानं खुणावत होते, हो म्हण, हो म्हण.

"अगं, त्यात काय एवढं," मी म्हणालो.